घरच्यांना घेऊन एमजी टीडी उभी करायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडच्या बंगल्यात आजोबांची १९५२ ची एमजी टीडी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी गेली वीस-बावीस वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. इंजिन जाम आहे. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममधून निवृत्त झालेत, पत्नी आर्किटेक्ट आहे, मुलगी नववीत आहे आणि आई अजूनही शिवणयंत्रावर बसते. गॅरेजवाले म्हणतात, आमच्याकडे देऊन टाका. तुम्हाला मात्र ती घरीच, सगळ्यांनी मिळून उभी करायची आहे. इंजिन आधी खोलू का, खर्च किती येईल आणि हे घरी जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

जमेल. त्या काळातल्या स्पोर्ट्स गाड्यांमध्ये घरी करायला टीडीइतकी सोयीची गाडी शोधून सापडणार नाही. चासी वेगळी, बॉडी वेगळी. लांबी जेमतेम बारा फूट, म्हणजे बंगल्याच्या पार्किंगमध्ये ती उभी करून चारी बाजूंनी फिरता येतं. इंजिन साधं चार सिलिंडरचं, १२५० सीसीचं, 'एक्सपीएजी' नावाचं. एकूण २९,६६४ टीडी बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. तिथे आणि इंग्लंडमध्ये त्या अजून धावतात, त्यामुळे वायसरपासून मडगार्डपर्यंत जवळजवळ सगळे सुटे भाग आजही नव्याने तयार होतात. पैसे मोजावे लागतात, पण 'पार्टच मिळत नाही' म्हणून ही गाडी अडत नाही.

अडते ती वेगळ्याच कारणाने. 'जोडून द्या' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्या बऱ्याचदा पोत्यांतून आणि खोक्यांतून येतात. पहिल्या दोन-तीन रविवारी घरात उत्साह असतो, पाने हातात असतात आणि खोलायला अक्कल लागत नाही. महिन्याभरात गाडीचा सांगाडा उरतो. मग परीक्षा येतात, लग्नसराई येते, पावसाळा येतो. सहा महिन्यांनी खोक्यातलं ब्रॅकेट कुठलं हे कोणालाच आठवत नाही, आणि ज्या गाडीत बसता येत नाही, जी ढकलताही येत नाही, तिच्याकडे घरातलं कोणी फिरकत नाही. म्हणून तुमचा खरा प्रश्न इंजिन आधी की बॉडी आधी हा नाही. एका वेळी किती उघडायचं, हा आहे. माझं उत्तर: एका वेळी एकच विभाग. तो पुरा करून गाडीवर परत बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. गाडी शेवटपर्यंत चाकांवर राहिली पाहिजे. याला एक अपवाद आहे, तो पुढे सांगतो.

पण पाना उचलायच्या आधी कागद. गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल तर ती एकट्या तुमच्या वडिलांची नाही, काका आणि आत्यांचाही तिच्यात वाटा असू शकतो. आज कोणाला तिचं अप्रूप नसेल. लाल रंगात चमकायला लागली की सगळ्यांना आठवण येते. वारसांची लेखी संमती घ्या, फॉर्म ३१ भरून संगम पुलाजवळच्या आरटीओत नाव बदलून घ्या आणि आरसीवरचा चासी नंबर, इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली गाडी त्यात बसते. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. 'एक्सपीएजी कशाला, मारुतीचं इंजिन टाकून देतो' असं सांगणारा मिस्त्री तुम्हाला नक्की भेटेल. त्याला नमस्कार करून परत पाठवा. मूळ इंजिन गेलं की गाडीची किंमत जाते आणि ही नोंदणीही अवघड होते.

आता गाडीकडे. टीडीची बॉडी वरून पत्र्याची दिसते, पण आत लाकडी चौकट आहे. मूळ लाकूड ॲश. पत्रा त्या चौकटीवर चुका मारून बसवलेला असतो. बंद गाडीत लाकूड खालून कुजतं, दाराखालचे लांब पाट आणि खांबांचे पाय आधी, आणि बाहेरून काहीच कळत नाही. ते ओळखायचं असं. टीडीची दारं मागच्या बाजूने टांगलेली असतात. दार अर्धवट उघडा, पुढची मोकळी कड दोन्ही हातांनी धरून हलकेच वर उचला आणि कोणाला तरी टॉर्च घेऊन बिजागरीकडे बघायला सांगा. बिजागरीची खीळ खुळखुळत असेल तर ते बिजागरीचं काम, किरकोळ. बिजागरी खांबासकट हलत असेल तर खांबाचा पाय गेलाय. मग खालून, पाटाच्या तळाला बोथट टोच्या टेकवून दाबा. चांगलं लाकूड दाद देत नाही. कुजलेल्यात टोच्या लोण्यात गेल्यासारखा जातो आणि बाहेर येताना तपकिरी भुगा घेऊन येतो.

खर्चाचा अंदाज या एका तपासणीवर अवलंबून आहे, म्हणून मी इथे आकडा सांगत नाही. लाकूड ठणठणीत असेल तर तुमचं काम इंजिन, ब्रेक, वायरिंग, टायर, गाद्या आणि रंग एवढंच. दोन्ही पाट गेले असतील तर बॉडी चासीवरून उचलावी लागेल, आणि हाच तो अपवाद. दारं आणि मडगार्ड काढली की चार धडधाकट माणसं ती उचलतात. पण उचलण्यापूर्वी, दारं काढल्याबरोबर, दोन्ही दारांच्या मोकळ्या चौकटीत आडवे लोखंडी अँगल बोल्टने कसून घ्या. नाहीतर पाट सुटला की बॉडी मधोमध दबते आणि नंतर कितीही घासलं तरी दार लागत नाही. लाकूड बदलतानाही एका वेळी एकच तुकडा काढायचा, नवा बसवायचा, दार लावून पाहायचं आणि मग पुढचा.

हे काम तुमच्या पत्नीचं. मदतनीस म्हणून नव्हे, पूर्ण जबाबदारीने. कुजलेला तुकडा निघतानाच मोडतो, म्हणून तो जागेवर असतानाच त्याचा पुऱ्या मापाचा नकाशा काढून सहा एमएम प्लायवर साचा कापून घ्यायला हवा. आर्किटेक्टच्या हाताला हे काम शिकवावं लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं: या बॉड्या हाताने जुळवलेल्या आहेत, डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी असेलच असं नाही. डाव्याचा साचा उलटा करून उजव्याला वापरण्यापूर्वी मापं घ्यायची.

लाकडासाठी ॲश शोधत बसू नका, आपल्या हवेला साग उत्तम. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन पाडलेल्या वाड्यांचा जुना साग मागा. त्या तुळया कित्येक दशकं छपराखाली वाळलेल्या असतात, नव्या सागासारख्या पिळवटत नाहीत. आतले जुने खिळे मात्र रंधा लावण्याआधी शोधून काढा. साग तेलकट असतो, त्यामुळे सांध्याला इपॉक्सी लावण्याच्या आधी ॲसिटोनने पुसून घ्यायचा, नाहीतर सांधा वर्षभरात सुटतो. आणि पावसाळ्यात दारं जुळवू नका. जुलैत फुगलेल्या लाकडावर जुळवलेली फट एप्रिलमध्ये बोटभर दिसते. दिवाळीनंतर बसवा आणि लाकडाची आडवी कापलेली तोंडं रंगाने किंवा इपॉक्सीने बंद करा, ओल तिथूनच शिरते.

इंजिन वडिलांकडे. जाम इंजिन म्हणजे गेलेलं इंजिन नव्हे. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल सोडा आणि आठवडाभर विसरून जा. दरम्यान रॉकर कव्हर काढून व्हॉल्व्ह मोकळे आहेत का ते बघा. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटलेला असताना इंजिन फिरवलं तर पुशरॉड वाकतो. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून पुढे-मागे झुलवा. इंजिन हाताने फिरवायच्या पुढच्या हँडलला पाइप लावून जोर करायचा मोह आवरा. इंजिन सुटल्यावर हँडलने फिरवताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ आवळायची नाही. उलटा झटका आला तर हँडल हातातून निसटलं पाहिजे. मुलीला हँडल देण्याआधी हे दाखवाच.

या इंजिनाचं एक वैशिष्ट्य माहीत नसेल तर घरचा टूलरूमचा माणूसही चकतो. एमजी ज्यांच्या उद्योगातून आली त्या मॉरिस यांनी १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस हा मूळ फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना घेतला. तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडायची. ती तशीच चालू ठेवली, पण इंग्लंडमधल्या मिस्त्रीचे पाने चालावेत म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची केली. ती परंपरा या एक्सपीएजी इंजिनापर्यंत आली. म्हणजे डोकं व्हिटवर्थ आणि आटा मेट्रिक, तोही बारीक: आठ एमएमच्या बोल्टला एक एमएमचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. आपल्या बोहरी आळीत 'आठचा बोल्ट द्या' म्हटलं की सव्वा एमएम पिचचा मिळतो. तो हाताने दोन आटे जातो, मग अडतो. तिथे पाना लावला की ब्लॉकमधले सत्तर वर्षांचे आटे गेले. इंजिन-गिअरबॉक्स सोडून बाकी चासीला बीएसएफ आटे आहेत आणि ल्युकास कंपनीच्या विजेच्या सामानाला बारीक बीए; दोन्ही जुनी ब्रिटिश मापं. म्हणून तीन निरनिराळे डबे करा, पिच गेज जवळ ठेवा आणि जुना बोल्ट फेकू नका. व्हिटवर्थ पान्यांचा संच मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात अजून सापडतो. एमएमचे पाने 'जवळजवळ बसतात', आणि त्या जवळजवळने बोल्टची डोकी गोल होतात.

इंजिन फिरायला लागलं तरी लगेच चालू करू नका. याचा ऑइल पंप बऱ्याच दिवसांनी रिकामा होतो आणि आपणहून तेल ओढत नाही. पंपात तेल भरून, प्लग काढलेले असतानाच, प्रेशरचा काटा हलेपर्यंत इंजिन फिरवा. काटा हलला नाही तर पुढे जायचं नाही. मागच्या बाजूने थोडं तेल ठिबकणं हे या इंजिनाच्या रचनेतच आहे, तिथे रबरी सील नसून क्रँकवरचा आटा तेल परत फेकतो, तेव्हा त्यासाठी इंजिन उतरवू नका. कॉम्प्रेशन मोजल्यावर खरंच बोअरिंगची गरज निघाली, तर भोसरी एमआयडीसीत लेथ आणि ग्राइंडिंगची कामं करणारे हुशार लोक आहेत. त्यांच्याकडे काम देताना तुमचे वडील मायक्रोमीटर घेऊन सोबत असतील, ही तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू. क्लच मागवण्याआधी इंजिन नंबर पाहा: आधीच्या इंजिनांना सव्वासात इंची प्लेट, नंतरच्या टीडी-टू इंजिनांना आठ इंची.

पेट्रोलबद्दल एवढंच. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरच्या जेटखालचे बुचाचे सील त्याला टिकत नाहीत. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल लागत नाही, या इंजिनाचं कॉम्प्रेशन सव्वासातच्या आसपास आहे. टाकीला डाग द्यायचा असेल तर ते घरी अजिबात करू नका, टाकी वर्षानुवर्षं कोरडी असली तरी.

ब्रेक हा एकच विभाग असा आहे जिथे मी कोणालाही तडजोड करू देत नाही. चारही चाकांना ड्रम, आणि सगळ्यांना मिळून एकच तेलाची लाइन. कुठेही गळती झाली की चारही ब्रेक एकदम जातात. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरं, लवचीक नळ्या, लोखंडी पाइप, सगळं नवं किंवा स्लीव्ह घालून घ्या. 'हे चालेल अजून' हे वाक्य ब्रेकच्या बाबतीत घरात कोणी उच्चारायचं नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ड्रममधली धूळ कंप्रेसरने उडवू नका. ओलं फडकं वापरा, मास्क लावा आणि त्या दिवशी मुलीला दुसरं काम द्या. गाडीखाली जाताना जॅकवर विसंबायचं नाही, विटांवर तर मुळीच नाही. चासीखाली लोखंडी घोड्या लावा.

मुलीला वायरिंग द्या. तुम्ही लिहिलंय की तिला 'काहीतरी सोपं' देणार आहात. पुसायला फडकं दिलेलं मूल तिसऱ्या रविवारी येत नाही. वायरिंगमध्ये ताकद लागत नाही, चिकाटी लागते, आणि या गाडीचं सगळं वायरिंग एका कागदावर मावतं. प्रत्येक वायर सोडवायच्या आधी फोटो, दोन्ही टोकांना चिठ्ठी आणि वहीत नोंद. ल्युकासच्या रंगांना अर्थ आहे: तपकिरी बॅटरीकडून, पांढरी इग्निशनची, निळी हेडलाइटची, लाल पार्किंग आणि टेललाइटची, काळी अर्थिंगची, म्हणजे चासीला जोडायची. वीस वर्षांत उंदरांनी कापडी वेष्टन खाल्लेलं असणार, तेव्हा नवा हार्नेस लागेल. मूळ रंगांचा तयार मिळतो, किंवा तपकीर गल्लीतून चांगली वायर आणून तिच्या नकाशावरून बांधता येईल. आणि बॅटरीजवळ मोठ्या अक्षरात तिलाच लिहू द्या: या गाडीत प्लस अर्थिंगला (चासीला) आहे. शेजारचा इलेक्ट्रिशियन मदतीला येऊन सवयीने मायनस चासीला जोडतो, तो प्रसंग टळेल.

गाद्या, हूड (वरचं कापडी छत) आणि बाजूचे पडदे आईंचे. जुनी कव्हरं उसवून ठेवा, फाडू नका. तेच तुकडे नव्याचे साचे. चामड्यासाठी घरचं यंत्र पुरणार नाही, जाड काम शिवणाऱ्याकडून तेवढे सांधे मारून घ्यावे लागतील. पण कापणं, जुळवणं, पायपिंग कुठे बसवायचं हा निर्णय त्यांचा असू द्या. हूडचं माप लाकूडकाम पूर्ण झाल्यावर, हूडचे दांडे उभे करून घ्यायचं. आधी घेतलं की काचेच्या चौकटीला कापड हमखास कमी पडतं.

मग तुम्ही काय करायचं? वही आणि पैसा सांभाळायचा. कुठला विभाग उघडा आहे, काय मागवलंय, काय यायचंय हे एका माणसाच्या डोक्यात असावं लागतं. परदेशातून भाग मागवताना सुटे सुटे मागवू नका, भाडं आणि कस्टम ड्यूटी प्रत्येक वेळी बसते. एका विभागाची यादी पूर्ण झाली की एकदाच मागवा. क्रोम बाहेरच द्यायचं, पण देताना सांगा की बफिंगमध्ये कडा खाऊ नका. रेडिएटरच्या कवचाच्या कडा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत.

रंग घरी करू नका. जुना रंग काढणं घरी, तेही ओल्या पॉलिश पेपरने, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. लांबी (पुटी) भरणं, घासणं, प्राइमर घरी चालेल. पण आजचे टू-पॅक (हार्डनर मिसळून मारायचे) रंग साध्या मास्कने अडत नाहीत, फुप्फुसाला घातक असतात आणि त्यांना बूथच हवा. रंगाला गाडी देण्याआधी ती रंगाविना थोडी चालवून घ्या. ज्याला काढा-घाला करायचं ते तेव्हाच कळतं.

वेळ? रविवारचं काम आणि मधला पावसाळा धरला तर लाकूड शाबूत असताना दीड-दोन वर्षं, नसेल तर तीन-चार. मुलीच्या दहावीच्या वर्षी वायरिंगचा विभाग उघडा ठेवू नका.

गाडी चालू झाली की पहिले काही रविवार पहाटे, सपाट रस्त्यावर, घरापासून ढकलत परत आणता येईल एवढ्याच अंतरात. इंजिन नव्याने बांधलं असेल तर थोडं चालल्यावर हेडचे नट पुन्हा तपासा आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावा. रॉकर कव्हरवरची पट्टी वाचून लावा, कारण कॅमशाफ्टप्रमाणे गॅप .०१९ इंच किंवा .०१२ इंच असते. प्रत्येक फेरीनंतर ब्रेकच्या तेलाची पातळी आणि चाकांच्या आतली बाजू बघा. पातळी हलत नाही अशी खात्री पटेपर्यंत कात्रजचा घाट किंवा दिवे घाट चढू नका. चढताना गाडी तापली तर बाजूला थांबता येतं, उतरताना ब्रेक गेले तर थांबता येत नाही.

तर येत्या रविवारी फक्त तीन गोष्टी करा: आरसी काढून नंबर ताडा, प्लग काढून तेल सोडा आणि दार उचलून बिजागरी बघा. दोन्ही बाजूंच्या खांबांचे आणि पाटांच्या तळाचे फोटो मला दाखवा. बॉडी उचलायची की नाही ते त्यावरून सांगेन. तोपर्यंत दुसरा एकही नट सैल करू नका.